चार खुंट, दोन छपरं

१४ जानेवारी २०२३

प्रिय मीसाकदादा,

तुझं पत्र मंगळवारच्या विमानानं आलं. सोबतचा छापील कागदही आला. आम्ही दोघं बरे आहोत. अगाफियाचे गुडघे थंडीनं कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. नदी यंदा छान गोठली. चर्चच्या खालून पलीकडच्या काठापर्यंत बर्फगाड्यांची वाट पडली आहे. संध्याकाळी त्या वाटेवरचे दिवे लांबून असे सरकतात, की पाण्याखालून कुणी कंदील घेऊन चाललंय असं वाटावं. मी खिडकीशी बसून बघत राहतो. चहा गार होतो.

पाकिटावर मी 'आमदार लुकेरिया' लिहितो, कारण टपालवाल्यांना तेच कळतं. आत तू माझा दादा. तुझ्या राजधानीतल्या, जुनोच्या कचेरीतल्या मुलीनं मागे फोनवर विचारलं होतं, 'आजोबा, तुम्ही त्यांचे कोण?' मी म्हटलं, धाकटा भाऊ. पोरगी म्हणाली, 'धाकटा?' त्र्याहत्तर वर्षांचा धाकटा आणि एकेचाळीस वर्षांची दादा. तिला काय सांगत बसणार, की माझा थोरला गेला त्याच्या पुढच्या वसंतात तू जन्मलीस, तुझ्या आजीनं तुझ्या डोक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडून त्याचं नाव तुला दिलं, आणि तेव्हापासून तो घरी आला. रक्तानं तू आमची कुणी नव्हेस. पण दीड वर्षाची असताना माझ्या मांडीवर बसून तू माझ्या कानाची पाळी ओढलीस, अगदी तो ओढायचा तशी. मग मला आणखी कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

आपल्या जुन्या पंचांगाच्या नाताळातली, घरोघर जाणारी ताऱ्याची फेरी परवा संपली. तारा आपल्या घरी आला तेव्हा साठ-एक माणसं होती, दारात बुटांचा डोंगर. अगाफियानं दोन पराती अकुताक फेटलं होतं, तू ऑगस्टात वेचलेली पिवळी फळं चरबीत घालून. तुझ्या नावाची वाटी वेगळी काढली होती. शेवटी ती मीच खाल्ली. थोरल्याचा लहानपणापासूनचा सोबती एलिया म्हणाला, "दादाची वाटीसुद्धा सोडत नाहीस. लहानपणीही असाच होतास." सगळे हसले. मीही हसलो.

तू सरकारच्या मागे लागून एलियाचा गुडघा अँकरेजच्या दवाखान्यात दाखवलास, तेव्हापासून तो तुझं नाव घेतल्याशिवाय चहा पीत नाही. लढाईतलं लोखंड अजून आतच आहे, पण आता चालताना शिव्या कमी देतो. रेडिओवर तुझं भाषण लागलं तेव्हा त्यानं सगळ्यांना गप्प केलं. तू आधी आपल्या भाषेत बोललीस, मग त्यांच्या. आपल्या काठावरच्या अकरा जणांची नावं घेतलीस. म्हणालीस, एकाहत्तरच्या डिसेंबरात सरकारनं जमिनीच्या अर्जांचं दार लावलं, तेव्हा ही पोरं सरकारच्याच लढाईत होती, मग दार वाजवणार कोण. एलियाचे डोळे भरले. लगेच म्हणाला, "चुलीचा धूर." चूल विझलेली होती.

आता त्यांना द्यायला निघालेत ती जमीन इथून तीनशे मैलांवर आहे. एलिया म्हणतो, "तिथं माझ्या ओळखीचा एक उंदीरसुद्धा नाही." आपल्याच नदीकाठी जागा मिळावी म्हणून तू ठराव आणते आहेस, हे मी प्रत्येकाला सांगत फिरतो.

परवा तू स्वप्नात आलीस. म्हणजे तो आला. वरच्या वाकणावरचा आपला उन्हाळी तळ होता, धूर जमिनीलगत पसरला होता, आणि तो माझ्याकडे पाठ करून पावलं मोजत चालला होता. मी विचारलं, काय मोजतोस दादा? म्हणाला, "काही नाही. लांबून आलोय, जागा तेवढीच आहे का बघतोय." वळला नाही. हिरवा कोट होता अंगावर, आणि कोटाला मासे सुकतात तसा वास येत होता.

सांभाळून राहा. तिकडचा पाऊस अंगावर घेऊ नकोस.

तुझा धाकटा,
इग्नाती

ता. क. छापील कागद वाचतो. अक्षर फार बारीक आहे.


२ मार्च

प्रिय दादा,

तुझा फोन आला तेव्हा मी घरीच होतो. अगाफियाला सांगायला लावलं, की मी लाकडं आणायला गेलोय. हे तुला कळलं असेलच, कारण तिला खोटं नीट बोलता येत नाही. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा मीसाकशी खोटं बोलले. तुझ्यामुळे." मग दिवसभर नुसती भांडी वाजवत होती.

ते राहू दे. इकडे उजेड वाढलाय. दुपारी छपरावरून थेंब गळतात आणि सावलीत पुन्हा गोठतात. कावळे परत आलेत.

कागद वाचला. चष्मा लावून वाचला, तीनदा. 'मी शपथेवर सांगतो, की माझा भाऊ सैन्यात असताना जमिनीच्या अर्जाचा कागद आमच्या घरी कधीही पोचला नाही.' खाली सहीची रेघ. चोवीस तारखेच्या सुनावणीत हाच कागद तू सगळ्यांपुढे वाचणार, आणि मी गावच्या कचेरीतून फोनवर 'होय' म्हणायचं. समितीचा तो अध्यक्ष खवचट आहे, त्याला पुरावा लागतो, हेही तू लिहिलंस. कळलं सगळं. सहीच करायची आहे. हात जरा आखडलाय.

शनिवारी वाफेच्या न्हाणीत आम्ही दोघंच होतो, मी आणि एलिया. दगड लाल झालेले. तो म्हणाला, "सही केलीस का?"

"करतो."

"काय करतो? सही करायची आहे, व्हेल मारायचा नाहीये."

"करतो म्हटलं ना."

"हे बघ, माझं कोण ऐकणार. मी तेव्हा जपानच्या इस्पितळात पडलेलो, घरी म्हातारी एकटी, कागद आलाच नाही. पण मी दारू पिऊन तीनदा पोलीस ठाण्यात जाऊन आलोय, हे त्या अध्यक्षाला पहिल्यांदा दिसेल. मीसाकचं तसं नाही. त्याचं नाव स्वच्छ आहे. त्याचाही कागद आला नाही, माझाही आला नाही. त्याच्या पाठीवर बसून मी नदी पार करणार."

मी दगडांवर पाणी ओतलं. एक डोल, मग दुसरा. वाफ अशी उसळली, की एलिया खाली वाकून ओरडला, "अरे मला शिजवतोस काय?" पण बोलणं थांबलं. मला तेवढंच हवं होतं.

वाफेत माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो. काही वेळ मला वाटलं समोर तूच बसला आहेस. बहात्तरच्या मे महिन्यात आलास तसा, केस बारीक कापलेले, खांदे हाडकुळे. विमानातून उतरलास तेव्हा नदीचा बर्फ नुकताच फुटला होता, मोठमोठे तुकडे एकमेकांवर चढत चालले होते. आई तीन महिन्यांपूर्वी गेली, हे तुला पत्रानं कळलं होतं. तरी तू आधी घरात गेलास आणि तिची जागा बघून बाहेर आलास. मग पाण्याकडे बघत मला विचारलंस. मी काहीतरी पुटपुटलो. तू माझी पाळी ओढलीस आणि म्हणालास, "मोठ्यानं बोल. मासा आहेस का?" लहानपणापासूनचं तुझं तेच. मी तोंड उघडायचो आणि आवाज यायचा नाही.

मग मी मोठ्यानं सांगितलं.

काय सांगितलं ते तुला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. तू रेडिओवर तेच सांगतेस.

दुसरंच लिहायचं होतं. तू चार वर्षांची असताना तुझी आजी तुला आमच्या तळावर घेऊन आली होती, आठवतं? आठवणार नाही. बायका मासे चिरत होत्या. तू दिसेनाशी झालीस, तेव्हा शोधाशोध झाली. तू वरच्या कोपऱ्यात, सीमेच्या खुंटावर चढून बसली होतीस, दोन्ही पाय लोंबकळत. उतर म्हटलं तर उतरेनास. कुणी विचारलं, "इथं काय करतेस?" तू म्हणालीस, "बसलेय. हे माझं आहे." बायका हसून हसून वाकल्या. म्हणाल्या, मीसाक आला बघा जागा मागायला. माझ्या हातात सॅमन होता, तो घसरून चिखलात पडला. त्या उन्हाळ्यापासून दरवर्षीच्या पहिल्या मोठ्या सॅमनचं डोकं मी तुला पाठवतो. तू समजलीस, धाकट्याचं प्रेम. प्रेम आहेच. पण

अगाफिया आली. विचारते, बिस्किटांचा डबा मांडीवर घेऊन काय बसलायस. हे इथंच थांबवतो.

इग्नाती


११ मार्च

दादा,

हे पत्र उद्याच्या विमानानं गेलं, तर सुनावणीच्या आधी तुला मिळेल. सोबत सहीचा कागद नाही. दुसरे दोन कागद आहेत. आधी पत्र वाच, मग ते उघड. माझ्यासाठी एवढं कर.

कागद आला होता.

एकाहत्तरच्या सप्टेंबरात आला. तुझ्या हस्ताक्षरातलं पाकीट, त्यावर सैन्याचा शिक्का. आत अर्ज, तुझी सही केलेला, आणि एक नकाशा. तिकडे सैन्यातल्या कुणीतरी तुला अर्जाचं सांगितलं होतं. तू लिहिलं होतंस, 'धाकट्या, सरकारचा माणूस शरदात गावात येईल. त्याला हे दे. आणि वरच्या वाकणावर चार कोपऱ्यांना चार खुंट ठोक, नाहीतर ते धरत नाहीत. मी आलो की मासे सुकवायला धुरीची खोप बांधू.'

आईला वाचून दाखवलं. ती माशांच्या पोटातली अंडी धूत होती. हात पाण्यातच राहिले. म्हणाली, "चार खुंट? कुणाच्या नावानं?" मी म्हटलं, दादाच्या. ती उठली, हात पुसले, आणि मला बाहेर नेऊन टेकडीवरची दफनभूमी दाखवली. तिथं बापाच्या थडग्याला आम्हीच चार कोपऱ्यांना चार खुंट ठोकून पांढरं कुंपण केलं होतं. म्हणाली, "पोरगा लढाईवर आहे आणि तू त्याच्या नावानं जमिनीत चार खुंट ठोकणार? तो परत यायला हवाय की नको तुला?"

बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. त्या सरकारी माणसालाही वाटलं असतं. पण आईनं माझी बाही घट्ट धरून ठेवली होती, आणि मी तिला कधी तसं बघितलं नव्हतं. त्या वर्षी खालच्या गावात दोन पोरं पेटीतून आली होती. मलाही भीती वाटली. मीही तिच्यासारखाच होतो.

आईच म्हणाली, "तुझं नाव घाल. तू इथं आहेस, तुला काही होत नाही. तो आला की भावाभावात काय." सरकारी माणूस आला तेव्हा मी त्याला माझा अर्ज दिला. तुझा या डब्यात ठेवला. पहिला बर्फ पडायच्या आत, एकटा जाऊन चार खुंट ठोकले.

इथपर्यंत सांगणं सोपं आहे. आईवर ढकलता येतं, भीतीवर ढकलता येतं. हे मी स्वतःला पन्नास वर्षं सांगत आलोय, म्हणून नीट घोटून गुळगुळीत झालंय.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते. तिसरा खुंट ठोकताना सूर्य नदीवर उतरला होता. भूर्जांची पानं सगळी पिवळी, वाऱ्यानं पाण्यावर पडून हळूहळू वाहत होती. मी कुऱ्हाडीच्या पाठीनं घाव घालत होतो, आणि मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. अगाफियाशी लग्न ठरत होतं. जन्मभर सगळं आधी तुझं आणि मग माझं, अंगातला कोटसुद्धा तुझा जुना. हे मात्र आधी माझं होतं. चौथा खुंट मी गरजेपेक्षा जास्त खोल ठोकला. त्या घावांचा आवाज मला अजून ऐकू येतो, पलीकडच्या काठावर आपटून परत आलेला.

म्हणून तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, 'कागद पोचलाच नाही.' आई गेलेली. साक्षीला कुणी नव्हतं. खरं सांगितलं असतं तर तू हसला असतास, म्हणाला असतास, बरं झालं, ठेव तुझ्या नावावर, मला कोपरा दे. तेवढंच झालं असतं. पण मग मला ते 'बरं वाटलं' सांगावं लागलं असतं, असं तेव्हा वाटलं. तू म्हणालास, "तिथल्या टपालाचं काय सांगावं." आणि पाण्याकडे बघत राहिलास.

तू एक उन्हाळा माझ्या तळावर राबलास. पाहुण्यासारखा. जाळं कुठं लावू, हे मला विचारायचास. मला. ज्याला जाळं लावायला तू शिकवलंस. पुढच्या वर्षी मासळीच्या कारखान्यात गेलास, मग अँकरेजला. मग काही वर्षांनी तिथल्या हिवाळ्यातून विमानानं तुला पेटीत आणलं, आणि टेकडीवर तुझेही चार खुंट मीच ठोकले. ते मात्र जमीन इतकी गोठली होती, की नीट बसेनात.

आता नकाशा उघड.

पेन्सिलीचा आहे, फिकट झालाय, खिडकीशी धर. तू तिकडे त्या उष्ण देशात बसून काढलास. नदीचं वाकण बघ, हातानं काढलंय पण आजही नाव चालवता येईल इतकं बरोबर. एकेक भूर्ज मोजून काढलाय. वाळूची जीभ, झरा, आई बसायची तो दगड. आणि मधे दोन छपरं. एकावर लिहिलंय 'मी'. दुसऱ्यावर 'धाकटा'.

दोन छपरं, दादा. मी तिथं एकच बांधलं.

हा नकाशा मी एलियाला, अगाफियाला, कुणाला दाखवला नाही. अर्ज जाळून टाकता आला असता. नकाशा जाळवेना, आणि तो ठेवायचा म्हणून अर्जही राहिला.

तू माझ्या शब्दावर विसंबून अकरा नावं घेतेस. त्यातली दहा खरी आहेत. अकराव्याचं दार सरकारनं नाही, मी लावलं. हे उद्या दुसऱ्या कुणी शोधून काढलं, तर तो अध्यक्ष दहाही जणांना खोटं ठरवील. एलिया नदीच्या मधोमध बुडेल, माझ्यामुळे. म्हणून सही करणार नाही. चोवीसला मी कचेरीत जाईन, आणि फोनवर विचारलं तर हेच सांगेन. विचारलं नाहीत तरी सांगेन. तू मला थांबवायला सांगितलंस तर थांबेन, पण तू सांगणार नाहीस.

तू कोण म्हणून हे वाचशील, मला कळत नाही. आमदार म्हणून वाचलंस तर तुझं नाक कापलंय मी. लुकेरिया म्हणून वाचलंस, तर एका म्हाताऱ्यानं तुला जन्मभर माशांची डोकी चारून फसवलं. आणि तो म्हणून वाचलंस तर, तर काय, तूच सांग.

मला आता फार झोप येते, दुपारीसुद्धा. झोपेत नदी फुटल्याचा आवाज येतो, पण उठून बघावं तर सगळं पांढरं आणि शांत.

तुझ्या जागेवर एक्कावन्न उन्हाळे राहिलेला,
इग्नाती


१८ जून, वरच्या वाकणावरून

प्रिय दादा,

इथं विमान येत नाही, हे पत्र एलियाच्या नावेतून गावात जाईल. मासे येऊ लागलेत. यंदा सरकारनं जाळं टाकायला फक्त बारा तास दिले होते, तरी काठ्यांवर लाल तुकडे लटकलेत. पाणी फार गढूळ नाही. सकाळी धुकं असं बसतं, की पलीकडचा काठ कुणी पुसून टाकल्यासारखा होतो, मग उन्हानं एकेक झाड परत मिळतं.

सुनावणीनंतर तुझं पत्र नाही, फोन नाही. तुझं अधिवेशन मे महिन्यात संपलं, हे रेडिओवर कळलं. ठराव समितीतून पुढे गेला, सभागृहातही झाला, आता वॉशिंग्टनला जाईल आणि तिथं म्हणे बरीच वर्षं लोळेल. एलिया म्हणतो, "मीही इथंच लोळतोय, बघू कोण आधी उठतो."

त्या दिवसाचं तुला सांगायचं राहिलं. फोनच्या अलीकडची बाजू तुला कुठं दिसली. कचेरीत आम्ही नऊ जण होतो, मधे टेबलावर फोन, त्यातून जुनोतली माणसं खोकत होती. अगाफिया माझ्या शेजारी. तिला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली होती, "म्हणून तू तिथं कधी नीट जेवला नाहीस." अध्यक्षानं माझं नाव घेतलं. मी तोंड उघडलं. आवाज येईना. अध्यक्ष म्हणाला, पलीकडे कुणी आहे का. मला वाटलं आता ते पुढचं नाव घेतील, आणि मी सुटेन.

मग तुझा आवाज आला. आपल्या भाषेत, त्या सगळ्या सुटाबुटातल्यांसमोर. "धाकट्या, मोठ्यानं बोल. मासा आहेस का?"

अध्यक्षानं विचारलं, काय म्हणालात. तू म्हणालीस, साक्षीदाराला आवाज वाढवायला सांगितलं.

मी बोललो. सगळं बोललो, खुंटाचं, आईचं, बरं वाटल्याचंही. एलिया माझ्यासमोर भिंतीला टेकून उभा होता. तो निघून गेला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही. शेवटी अध्यक्षानं विचारलं, मग या माणसाचं उदाहरण तुमच्या ठरावात कशाला. आणि तू म्हणालीस, "कारण त्यानं घरापासून हजारो मैलांवर, चिखलात बसून, एकेक झाड मोजून हे काढलं." फोनमधून कागदाचा आवाज आला. तू नकाशा वर धरला असणार. "हा माणूस स्वतः घरी असता, तर त्याच्या आईला कुठल्या खुंटाची भीती वाटली नसती. तो घरी का नव्हता, हे या सभागृहाला ठाऊक आहे."

एलिया तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. एका शनिवारी न्हाणीत आला, म्हणाला, "सरक." मी सरकलो. पाणी त्यानंच ओतलं, इतकं ओतलं की माझी कातडी सोलायची राहिली. मग म्हणाला, "आता फिटलं." फिटलेलं नाही, हे त्यालाही माहीत आहे. पण नाव त्याचीच आहे, आणि लाकडंही तोच वाहून आणतोय.

लाकडं कशाला ते सांगतो. मे महिन्यात तू नकाशा परत पाठवलास, सोबत एक शब्द नव्हता. मी पाकीट उलटंपालटं करून बघितलं. अगाफिया म्हणाली, तुला आणि काय हवं होतं, पदक? मग नकाशाच भिंतीला लावला आणि बघत राहिलो. 'मी' लिहिलेलं छप्पर जिथं आहे, तिथंच मी माझी खोप बांधलीय, वीतभरही इकडेतिकडे नाही. नकाशा डब्यात ठेवून बांधली होती, न बघता. तरी तिथंच बांधली.

ती आता रिकामी केली आहे. आतला धूर तेवढा काढता येत नाही. जमिनीचे कागद तुझ्या नावावर करायचे म्हणून बेथेलच्या कचेरीत अर्ज दिलाय, तिथल्या बाईनं विचारलं, नातं काय लिहू. मी सांगितलं ते तिनं लिहिलं नाही. बघू.

चारही खुंट तसेच आहेत, कुजलेत, पण वरच्या कोपऱ्यातला बसण्याइतका धड आहे. उपटायचे की नाही ते तू ठरव. पिवळी फळं पिकली की ये. किंवा पुढच्या वर्षी ये. नाही आलीस तरी पहिल्या सॅमनचं डोकं मिठात घालून ठेवलंय. यंदा ते फक्त प्रेमाचं आहे, निःशंक खा.

झऱ्याच्या पलीकडे, भूर्जांच्या तिसऱ्या रांगेशी, आजपर्यंत मी गवत कापायलाही गेलो नव्हतो. तिथं आता चार खांब उभे आहेत आणि छपराचं अर्धं पाखं झालंय. पाऊस आला तर एका बाजूनं गळेल. इथून तुझी खोप दिसते. सकाळच्या धुक्यात वाटतं, तिच्यातून धूर निघतोय.

नकाशातल्या दुसऱ्या छपराखालून,
तुझा धाकटा
इग्नाती